कडी नसलेलं दार

ते दार लोटू नको रं, राहू दे उघडं. थंडी वाजली तर वाजू दे.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. दीपंकरनं माझ्यासमोर बसून सांगितली, आणि सांगता सांगता तीन तांबे पाणी प्याला. दीपंकर म्हणजे आमच्या मायाप्पा मास्तरांचा मुलगा. मास्तरांचे वडील दुसऱ्यांच्या रानात राबले, नातू आर्किटेक्ट झाला. त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या काठी. निशांत नावाच्या एका माणसाचं तिथं वडिलोपार्जित रान. पाहुण्यांसाठी त्यानं तिथं खोल्या बांधल्या होत्या, आता त्याला सॉना पाहिजे होता. म्हणजे लहानशी लाकडी खोली, आत भट्टी, भट्टीवर दगड. दगड तापले की त्यावर पाणी ओतायचं, वाफेत घाम काढायचा, आणि पळत जाऊन नदीत बुडी मारायची.

दीपंकरनं जीव ओतून आराखडा केला. सहा बाय आठची खोली, दोन पायऱ्यांची बैठक, नदीकडं खिडकी. दाराला कडी नाही. आतून नुसतं ढकललं की बाहेर उघडणार. आत कुणाला घेरी आली तर अडकायला नको, हा त्या कामातला पहिला नियम. जागाही त्यानंच निवडली, जांभळीखाली, पाण्यापासून वीस पावलांवर.

सुतार रवळू तिथलाच, सत्तरीचा. तो म्हणाला, "सायेब, ही जागा सोडून कुठंबी करूया की."

"का मामा? पूर येतोय व्हय हितवर?"

"पूर न्हाय येत..." एवढंच बोलून तो रंधा मारायला लागला.

डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी निशांत बघायला येणार होता. खोली ऊब नीट धरते का, एवढंच बघायला दीपंकर संध्याकाळी बेळगावहून गाडीवर एकटाच गेला. रवळूनं भट्टी पेटवून दिली आणि घर गाठलं. काळोख मिट्ट, चंद्र मध्यरात्रीनंतरचा. पावणेनऊला तापमापकाचा काटा ऐंशी अंशांवर गेला. दीपंकर टॉवेल गुंडाळून वरच्या पायरीवर बसला, बादलीतनं लाकडी डाव भरला आणि दगडांवर ओतला.

वाफ उठली. खोली पांढरी झाली.

वाफ विरली तेव्हा खाली, दाराजवळ, कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

त्याच्याच वयाचा गडी. उघडा, हाडकुळा, अंगाला चुना फासल्यासारखा. मान खाली. ओंजळ वर धरलेली.

"वरनं वता, मालक. शिवत न्हाय मी."

हे शब्द दीपंकरनं आजोबांच्या तोंडून ऐकलेले होते.

"मी... मी मालक न्हाय."

तो गडी म्हणाला, "मग तुला कवा कोंडलं?"

दीपंकरनं डाव भरला. ओंजळीवर धार धरली. धार खाली पोचलीच नाही, मधल्यामधी वाफ झाली. दुसरा डाव. तिसरा. बादली संपली. ओंजळ कोरडीच.

"आण्णा, बाहेर चला. नदी समोरच हाय. दाराला कडी न्हाय... मीच केलंय हे दार."

"ढकललं की," तो म्हणाला. "लई ढकललं..."

दीपंकर उठला. दार ढकललं.

हललं नाही.

खांदा लावला. नाही.

बाहेर नदी खळखळत होती. आणि दाराला टेकून कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. मग पोटभर जेवून आलेल्या माणसाचा शांत आवाज आला...

"ऱ्हाऊ दे दोन दिस. शिकंल."

मागं ओंजळ... अजून वर.

दार कसं उघडलं, त्याला ठाऊक नाही.

सकाळी रवळूला तो जांभळीखाली सापडला, दवात भिजलेला. रवळू आपण होऊनच बोलला. "मी आठ-नऊ वर्साचा हुतो. हितं पत्र्याची खोली हुती, चुना ठेवायची. मे म्हैना. चुना मळणाऱ्या एका गड्यानं मालकाच्या घागरीतलं पाणी घेटलं. निशांत सायबांच्या आज्यानं त्येला आत घातलं. तिसऱ्या दिशी उघडलं."

"आणि गाव?"

"बाया नदीवर धुणं धूत हुत्या. त्येच्या हाका... समद्यास्नी ऐकू येत हुत्या, सायेब. मलाबी."

दहाला निशांत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दीपंकरच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबांच्या वेळचं आता कशाला उकरायचं? तुला हे जरा जास्तच लागणार, मी समजू शकतो." मग रवळूकडं वळला. "रात्री कुणीही आत शिरायला नको. बाहेरनं कडी बसव. कुलूप मी देतो."

रवळूनंच ती कडी ठोकली. दीपंकर बघत उभा राहिला.

गाडीला किक मारण्याआधी तो तोंड धुवायला नदीवर उतरला. काठाच्या ओल्या मातीत हातांचे दोन तळवे उमटले होते. मागं दोन गुडघे. बोटं खोल रुतलेली, ओढलेली. तिथवर येणारं पाऊल नाही. परत जाणारं नाही.

तळवे नदीकडं होते. पाण्याच्या वीतभर अलीकडं.