सव्वीस खडे

"बाबा अजून आले नाहीत," फोनवर शर्मिला एवढंच म्हणाली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. जुलै महिना होता. कुवेतच्या खैतानमध्ये त्या वेळी उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि शर्मिलाचे सासरे जयप्रकाश पहाटे पाचला फिरायला निघाले होते. वरच्या मजल्यावरून मुक्ता धावतच खाली आली. शर्मिला नर्स, मुक्ता त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. दोघींनी बकाला, म्हणजे जवळचं किराणा दुकान, पाहिला, मशिदीमागच्या गल्ल्या पाहिल्या. पोलिसांनाही कळवलं. शर्मिलाचा नवरा सुशांत कामावर होता; मोठ्या रस्त्यापलीकडे शोधू नकोस, असं त्याने तिला फोनवर सांगितलं.

दहा वाजता जयप्रकाश सापडले. त्यांच्याच रस्त्यावर, घरापासून थोडंसं पुढे, एका रिकाम्या प्लॉटच्या बंद फाटकाला टेकून ते बसले होते. पाय अनवाणी होते आणि चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. जीव कधीच गेला होता.

उष्माघात, असं पोलिसांनी लिहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल, असं शेजाऱ्यांनी ठरवलं. आणि सोलापूरहून नणंदेने खापर शर्मिलावर फोडलं. सासऱ्यांना बाहेर काढून ही बाई खुशाल झोपली, असं ती सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली. अंत्यविधीला शर्मिलाने येऊ नये, असाही निरोप आला. सुशांत त्यावर एक शब्द बोलला नाही. माणसं दुःखातसुद्धा सोय बघतात, याचा मुक्ताला फार राग आला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुशांत शवपेटी घेऊन सोलापूरला निघणार होता. त्या सकाळी शर्मिला मुक्तापुढे रडली. ताईंचंच खरं आहे, मीच मारलं बाबांना, असं म्हणाली. मुक्ताने तिला रडू दिलं. मग हॉस्पिटलने परत दिलेली पिशवी मागून घेतली.

पिशवीत चष्मा होता, एक जाड वही होती आणि खिसा लिहून दोन कागदांत बांधलेले खडे होते. उजव्या खिशातले चार, डाव्या खिशातले बावीस.

"हे खडे कशाला?" मुक्ताने विचारलं.

"मोजायला. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक खडा डाव्यात. खाणीतली सवय."

जयप्रकाश कर्नाटकातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत सर्व्हेअर होते. खाण बंद पडली आणि भोवती रान माजलं. त्या रानात उघड्या पडलेल्या विहिरींसारखी जुनी तोंडं होती. लोकांना तिथं बिनधास्त फिरता यावं म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी पायवाटा आखल्या, प्रत्येक पाऊल मोजून. चिंचेपासून मोहापर्यंत इतकी पावलं, मग डावीकडे. आकडा चुकला तर माणूस खड्ड्यात, असं ते सांगत.

वहीचा पुढचा भाग त्या रानाचा होता. शेवटच्या पानावर खैतान होतं, पण नावं रानातलीच. बकाल्याला त्यांनी चिंच केलं होतं, मोठ्या रस्त्यापलीकडच्या कोपऱ्याला मोह, त्यापुढच्या वळणाला साग. मोतीबिंदूमुळे सगळ्या इमारती त्यांना एकसारख्या दिसत, आणि हल्ली आठवणही दगा देई. म्हणून रोज पहाटे भिंगातून ते पान वाचून निघायचं आणि त्याबरहुकूम चालायचं, असा त्यांचा दोन वर्षांचा शिरस्ता होता.

मुक्ताने पान वाचलं. घर ते चिंच चारशे. चिंच ते मोह पाचशे. मोह ते साग चारशे. साग ते घर नऊशे. प्रत्येक ठिकाणी डावीकडे. खाली लिहिलं होतं: एकूण खडे सव्वीस.

तिने पुन्हा बेरीज केली. बावीसच होत होती.

तिने पान खिडकीशी धरलं. मग आधीची सगळी पानं एकेक करून चाळली आणि सुशांतला बोलावलं.

"सुशांत, बाबा रोज मोठा रस्ता ओलांडायचे ना?"

"हो. पंधरा दिवसांपूर्वी एका गाडीने त्यांच्या अंगाशी ब्रेक मारला. मी किती ओरडलो."

"मग त्या दिवशी तुम्ही शर्मिलाला फोनवर, रस्त्यापलीकडे शोधू नकोस, ते ओलांडणारच नाहीत, असं कसं सांगितलंत?"

मुक्ताने ते पान त्याच्यापुढे धरलं.

"या वहीत शेकडो चुका आहेत," मुक्ता म्हणाली. "प्रत्येक चुकीवर एक आडवी रेघ आहे आणि शेजारी बरोबर आकडा. बाबांनी आयुष्यात कधी रबर वापरलं नाही. चूकसुद्धा दिसली पाहिजे, ही सर्व्हेअरची शिस्त. फक्त इथं, चिंच ते मोह, कागद रबराने घासलाय. खाली नऊचा वळ दिसतो. वर पाच लिहिलाय. आदल्या दिवशी बाबा बरोबर घरी आले, म्हणजे हा बदल त्या संध्याकाळचा. शर्मिला रात्री दहापर्यंत माझ्यासोबत ड्यूटीवर होती. घरी तुम्ही दोघंच होतात."

सुशांत खाली बसला. "पाचशेवर रस्त्याच्या अलीकडेच वळतील, एवढंच मनात होतं. ते ऐकायचे नाहीत. वहीचं मात्र ऐकायचे."

"पण शेवटचे नऊशे तसेच राहिले. चारशे पावलं अलीकडे वळलेला माणूस परत येताना चारशे पावलं पुढे जाणार. पूर्वीच्या बाबांनी ती बेरीज एका नजरेत पकडली असती. उरलेल्या चार खड्यांनी ते गोंधळलेही असतील. तरी त्यांनी वहीवरच भरवसा ठेवला."

"म्हणजे ते आपल्या दारावरून..."

"दारावरूनच गेले. त्या नऊशेतलं पाचशेवं पाऊल याच दारापाशी पडलं असणार."

शर्मिला इतका वेळ भिंतीशी उभी होती. "कडी मी लावली नव्हती," ती हळूच म्हणाली. "ढकललं असतं तरी उघडलं असतं." मग तिने विचारलं, "पण चपला का काढल्या त्यांनी?"

मुक्ताने तिचा हात हातात घेतला. तिचेही डोळे भरून आले होते. "वहीप्रमाणे तेच घर होतं गं. दाराबाहेर चपला काढल्या आणि तू उघडशील म्हणून बसून राहिले."

सुशांत ओंजळीत तोंड लपवून रडला. मुक्ताला त्याची कीवही आली. बापाला वाचवायलाच निघाला होता तो. पण चार दिवस बायकोला दोष खाऊ दिला, हे ती विसरणार नव्हती आणि तिने ते बोलून दाखवलं. त्याने मान हलवली.

मग त्याने वही पुढे ओढली आणि पेन्सिल मागितली. आपल्या पाचावर त्याने एक आडवी रेघ मारली, शेजारी नऊ लिहिला. त्याखाली स्वतःची सही केली, तारीख घातली, आणि बहिणीला फोन लावला.