सचिव बाहेर गेले तेव्हा

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नळाचं पाणी हुंगत होते.

जलतज्ज्ञ मंडळाच्या दाराशी ठमीची बाटली भरली, नाकाशी नेली... तोच मागून आवाज आला, "पास का नापास?"

"नापास असेल तर आधी तुम्हाला पाजेन," मी म्हटलं.

तो हसला. मंडळाचा सचिव होता तो—बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. मी प्रयोगशाळेतली नवी सभासद, कडेवर तीन वर्षांची लेक. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे जिथे मी तिथे ठमी.

मग दर सभेनंतर बाहेर भुरभुर असली की तो छत्री घेऊन यायचा. छत्री ठमीवर, आम्ही दोघं अर्धे अर्धे भिजलेले.

मंडळ मला फार आवडायचं. धरणं बांधलेले म्हातारे आणि काल पास झालेली पोरं, मत प्रत्येकाला एकच. नियम असा, की ठराव मांडणाऱ्याशी ज्याचं नातं, त्याने उभं राहून ते सांगायचं आणि मतदान होईतो बाहेर जायचं. एकदा एक आजोबा उठले होते, "जावई आहे माझा. मला फारसा पटत नाही, पण जातो."

त्या दिवशी ठराव माझा होता. प्रत्येक शाळेचा नळ मंडळाने दरवर्षी फुकट तपासायचा. ठमी आता शाळेत जाणार होती, आणि तिथला नळ मला रोज हुंगता येणार नव्हता.

"माणसं कुठून आणणार?" अर्धी सभा विरोधात. एकेका मताला किंमत होती. त्याचं मत मी आपलं धरून चालले होते.

"कुणाचं नातं?" अध्यक्षबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

खुर्ची सरकली. तो उभा राहिला. "माझं."

"काय नातं?"

"अजून काही नाही... म्हणजे, त्यांना विचारलेलं नाही. पण माझ्या बाजूने—आहे."

जावईवाल्या आजोबांनी कानातलं यंत्र चाचपलं. "काय म्हणतोय?"

"प्रेम आहे म्हणतोय, प्रेम!" शेजारच्या बाई ओरडल्या.

"नोंद करा," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या.

नोंद करणारा तोच! लालबुंद कानांनी त्याने ती केली, ठमीचं बोट धरलं आणि बाहेर गेला.

हात वर झाले. समसमान. समसमान म्हणजे ठराव पडला.

मी तणतणत बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर ठमी पाणी मागत होती. त्याने बाटली उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटून नीट हुंगली... आणि मगच तिच्या हातात दिली.

माझा राग कुठे गेला, कुणास ठाऊक.

"पडला," मी म्हटलं.

"वाटलंच होतं. एका मताने अडणार होतं."

"तरी उठलात?"

"आत बसून हात वर केला असता, तर मग तुम्हाला विचारायला तोंड कुठून आणलं असतं?"

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. ते केव्हाच लागलं होतं.

"पुढच्या सभेत परत मांडणार आहे मी. दोन आजोबांना पटवायचं तेवढं राहिलंय."

"मांडा ना! आणि मी—"

"तुम्ही तेव्हाही बाहेरच बसायचं."

तो बघतच राहिला. मग त्याला कळलं... आणि कपाळावरचा चष्मा घसरून थेट नाकावर आला.