शेवटच्या माणसाचे ठोके

ही घटना माझ्या घरातली आहे. कोणी खोटी म्हटली तरी माझी हरकत नाही. मी वसईत बँकेत नोकरी करते. भुताखेतांच्या गोष्टींवर आजवर मीच नाक मुरडत आले.

पण या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, कामण गावाच्या मागच्या रानात, भर सकाळी जे झालं ते माझ्यासमोर झालं.

माझा धाकटा भाऊ प्रीतम आणि त्याची बायको जागृती लोकांना तिथे रान दाखवायला न्यायचे. एका वेळी फक्त सात-आठ माणसं. गोंगाट नाही, कचरा नाही. जेवण रानालगतच्या पाड्यावरच्या बायकांच्या हातचं. मिळकतीतला वाटा उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्यांना.

"स्वतःची वाडी सोडून हा दुसऱ्याचं रान राखतोय," असं आई कुरकुरायची. पण शेजारणींना कौतुकाने सांगायचीसुद्धा.

रानात बोलायचं नाही, जनावरं बुजतात, हा प्रीतमचा नियम. जागृती सगळ्यांत पुढे, तो सगळ्यांत मागे. वळण आलं की ती काठीने दगडावर दोन ठोके द्यायची. मागून त्याचे दोन ठोके आले की पुढे निघायचं. रानाच्या तोंडाशी पुन्हा तसंच, आणि मग जागृतीने म्हणायचं, "सगळे आले." ती म्हणेपर्यंत प्रीतम बाहेर पाऊल टाकायचा नाही.

मागच्या वर्षी एके दिवशी रानाच्या तोंडाशी तिने शेवटचे ठोके दिले. मागून उत्तर आलं.

"सगळे आले," ती म्हणाली.

सगळे आले नव्हते.

प्रीतम वरच्या वळणावर छाती धरून बसला होता. ते उत्तर एका सुतार पक्ष्याचं होतं. माणसं परत वर गेली तोवर त्याचं अंग थंड पडलं होतं.

लवकर सापडला असता तर कदाचित... असं डॉक्टर म्हणाले. त्या शब्दाने जागृतीला पोखरून काढलं.

दिवाळीनंतर तिने पुन्हा माणसं न्यायला सुरुवात केली. ठोके मात्र बंद केले. वळणावर थांबून ती डोळ्यांनीच माणसं मोजायची. पण पाड्यावरचं कोणी शेवटी चालायला तयार होईना. का, ते कोणी सांगेना.

म्हणून त्या रविवारी शेवटी चालायला मी गेले.

माझ्या पुढे विरारच्या फुलपाड्याहून आलेल्या पाहुण्या सुमेधा मॅडम होत्या. पहिलं वळण आलं. जागृती थांबली. माणसं मोजू लागली.

आणि माझ्या मागे...

टक. टक.

मी वळले. नुसती पायवाट. पाचोळासुद्धा हलत नव्हता.

पक्षी असेल, मी मनाला समजावलं.

दुसऱ्या वळणावर पुन्हा... टक. टक. लाकडावरचा आवाज नव्हता तो. काठी दगडावर आपटल्याचा होता.

सुमेधा मॅडम माझ्या कानाशी आल्या. "मागे कोणीतरी राहिलंय. थांबूया ना त्यांच्यासाठी?"

मी जागृतीकडे पाहिलं. ती दचकली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला रडूच फुटलं.

रानाच्या तोंडाशी आल्यावर तिने पाहुण्यांना जेवायला पाड्यावर पाठवलं. आम्ही दोघीच उभ्या राहिलो. झाडांच्या सावलीतून, अगदी जवळून...

टक. टक.

"जागृती, म्हण ना," मी म्हणाले. "म्हणालीस तर सुटेल तो."

"एकदा म्हणाले होते, हेमांगीताई. त्याला वर तसाच टाकून."

"आता तर आलाय ना तो."

"म्हणूनच नाही म्हणत." तिने पदराने डोळे पुसले. "म्हटलं तर जाईल. आत्ता निदान माझ्या मागून चालतो तरी. दर रविवारी येतो."

मीच म्हणावं म्हणून तोंड उघडलं. पण माझाही भाऊ होता तो. मी तोंड मिटून घेतलं. आम्ही पाड्याकडे निघालो तेव्हा मागे पुन्हा दोन ठोके पडले. कोणीच उत्तर दिलं नाही.

आईला हे मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. काल राहवलं नाही.

ती वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होती. रडली नाही. विळा खाली ठेवून म्हणाली, "मला ने तिकडं. ती नाय म्हनत तर नको म्हनू दे. मी हाक मारते. माझ्या हाकेला तो घरी आला नाय, असं कधी झालंच नाय."

उद्या रविवार आहे. आईने आत्ताच त्याचं अंथरूण उन्हात घातलंय, तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ काढून ठेवलंय. जागृतीला मी काहीच कळवलेलं नाही. तो नाही आला तर आई कशी परत येईल, ते मला कळत नाही. आणि आला तर काय करायचं, हे तर मी आईला विचारूही शकत नाही.