रिकामा काटा

मी वजनमापे निरीक्षक. दुकानात पाय ठेवला की कळतं: थोडा काटा मारणारा चहा विचारतो, फार मारणारा माझ्या मुलाबाळांची चौकशी करतो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

आमच्याकडे दोन कुत्री होती. ढेरपोट्या तो शेठ, काडीसारखा तो कारकून. शेठला दात साफ करायला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शेपटी हलवत आत गेला, भूल दिली, उठलाच नाही. "हृदय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुकानदारांचा माल गायब झाला की तो उंदरांनी खाल्लेला असतो. डॉक्टरांकडे ते काम हृदय करतं.

शेठचं वजन मला ठाऊक होतं. घरी त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढायचो आणि माझं वजा करायचो. चोवीस किलो. दवाखान्याच्या काट्यानं त्या दिवशी एकतीस दाखवले, तेव्हा "शेठ, चोरून खाताय वाटतं!" म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. भूल वजनावर मोजून देतात, हे घरी रिकामा पट्टा खुंटीला लावताना डोक्यात आलं.

आता कारकुनाच्या मानेला गाठ आली होती. रोज वाढत होती.

"त्या बाईच्या हातात मी पुन्हा जनावर देणार नाही," मी म्हणालो.

"मग गाठ तुम्ही काढणार? ज्या हातांनी भाजीवाल्यांची वजनं जप्त करता, त्याच हातांनी?" बायकोनं विचारलं. "श्वास अडकायला लागलाय त्याचा, अहो."

शेवटी तह झाला. आधी मी काटा तपासायचा. खरा निघाला तर ऑपरेशन. खोटा निघाला तर बाईंवर खटला. खोटाच निघणार, याबद्दल मला शंका नव्हती.

कारकुनाला घेऊन आम्ही दोघं भर दुपारी गेलो. फिनेलचा आणि ओल्या केसांचा वास. भिंतीला लाकडी बाक. कोपऱ्यात जमिनीलगतचा काटा, त्यावर काळं रबर, वर भिंतीवर लाल आकडे.

"तपासा की," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "फक्त वजनं उतरवलीत की ते बटण दाबून शून्य करा. लगेच."

"का?"

"आमची पद्धत आहे तशी."

पेटीतली प्रमाण वजनं एकेक करून ठेवली. मधोमध, चारी कोपऱ्यांवर. काटा ग्रॅमभरही चुकला नाही. इतका खरा काटा मी अख्ख्या बाजारात पाहिला नव्हता. माझं तोंड उतरलं. बायकोनं ते पाहिलं आणि विजयानं घसा खाकरला.

वजनं उतरवली. बटण मात्र दाबलं नाही. लोक 'लगेच' म्हणून घाई करतात तिथंच माझं काम सुरू होतं.

आकडा शून्यावर राहिला. मग दोन. मग चार. सातावर थांबला.

"दाबा ना हो," काउंटरवरच्या बाई पुटपुटल्या.

मी पंखा बंद केला. काट्याखाली बॅटरी मारून पाहिली. धूळ होती, बाकी काही नाही.

आकडा पुन्हा चढू लागला. सावकाश, एकेक पाय वर ठेवावा तसा. एकतीसवर थांबला आणि तिथं थोडा वरखाली होत राहिला, एका लयीत.

सातावर चोवीसची भर पडली होती. आधीचे सात कुणाचे, ते मी विचारलं नाही.

रबरावर तळवा ठेवला. ऊबदार होतं.

तेवढ्यात कारकुनानं बायकोच्या हातून साखळी सोडवली आणि आपणहून काट्यावर चढला. मधे नाही. अगदी कडेला, अंग चोरून.

आकडा चाळीस झाला.

"अहो, हा तर नऊचा आहे," बायको म्हणाली.

आतल्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. हातमोजे चढवलेले. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"बटण दाबलं नाहीत?"

"नाही."

"मग आज ऑपरेशन नको. घेऊन जा त्याला."

"आणि गाठ?" बायकोचा आवाज चिरकला.

"न्या म्हणते ना."

पकडला गेलेला माणूस माझ्याकडे बघतो. या बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या.

मी वाकून कारकुनाला उचललं. नऊ किलोचं जनावर. हातांना मात्र चाळीस भरलं.

भिंतीवर शून्य आलं.

मी थांबलो. शून्यच राहिलं.

"द्या इकडे, घामाघूम झालात," पायरीवर बायको म्हणाली.

मी दिलं नाही.

मागे दवाखान्याचं दार लागलं. वरची कडी वाजली, मग खालची. त्यानंतर आतून बाक फरफटत आणल्याचा आवाज आला, आणि तो दाराला टेकून थांबला.