डॅशबोर्डवरची पट्टी

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये मीनल नावाची मुलगी अंबरनाथजवळच्या कॅम्प दोनमधल्या माझ्या दुकानात आली. जुन्या गाड्यांच्या आतल्या चंदेरी पट्ट्या, बटणं मी नवीन करून देतो. दिसायला क्रोम, असतं प्लॅस्टिक. तिने डॅशबोर्डची हातभर पट्टी पेपरातून सोडवून पुढे ठेवली. गाडी तिच्या वडिलांची. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"गाडीला गिऱ्हाईक आलंय, भगवंतकाका. आई नको म्हणते, पण ठेवून तरी काय करणार?"

चंदेरी थर जागोजाग उडाला होता. मी पट्टी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घातली. पाच मिनिटांत उरलासुरला थर निघून काळं, निस्तेज प्लॅस्टिक राहिलं. पुसायला घेतलं, तर त्यात प्रतिबिंबासारखा एक हिरवा डाग. मागे वळून पाहिलं. मागे लॅकरचे डबे आणि चुन्याची भिंत. डाग हळूच डावीकडून उजवीकडे सरकला.

डोळे थकले असतील, म्हटलं. पट्टी घासली, लॅकर मारलं, अंबरनाथच्या कारखान्यातून चंदेरी कोटिंग करून आणली. उजेडात धरली.

माझा चेहरा त्यात नव्हता.

झाडं होती. एकामागून एक मागे जाणारी. त्यांच्यापलीकडे डोंगर, आणि पानांतून सांडणारं ऊन. भीती वाटली नाही. विहारात वंदना संपल्यावर क्षणभर सगळे गप्प असतात, तसं आत झालं. किती वेळ उभा होतो, माहीत नाही.

रविवारी सकाळी पट्टी बसवायला अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो. चाकं काढलेली गाडी अंगणात विटांवर उभी होती. शेवटचा स्क्रू आवळला, तशा मीनलच्या आई कुंदाताई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. काचा बंद होत्या.

त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"भगवंतराव, हा बदलापूरचा रस्ता. हे मला नदीवर न्यायचे, तोच."

"तुम्हालाही दिसतोय?"

"आता वळण येईल."

गाडी जागची हलली नाही. कुंदाताई मात्र वळणावर कलावं तशा उजवीकडे कलल्या. कपाळावरचे पांढरे केस मागे उडाले.

मी खाली उतरलो. दार हळूच लावलं. तिथे माझं काम नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"मीनल, त्या माणसाला नाही म्हणून कळव."

मीनल खाली बघत होती. कुंदाताईंचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, आणि बोटांच्या बेचक्यांत नदीची बारीक वाळू अडकली होती.