उजव्या पिळाचा दोर

"दोर तुटला! नाव खडकावर आपटली!" गोट्या ओरडतच शेडमध्ये शिरला.

मिरचीने हातातला घायपाताच्या धाग्यांचा झुबका टाकला आणि ती आपल्या या धाकट्या भावाकडे धावली. मागोमाग मावसबहीणही उठली. तिला पाहिलं की मिरचीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुट्टीत दोघी एकाच दिवशी मामांकडे आल्या, एकाच दिवशी दोर वळायला बसल्या. हिचा दोर वळून झालासुद्धा, मिरचीचा अजून वीतभरही धड नव्हता! आणि मामा उठता बसता म्हणायचे, "पोरीने धागे जोडलेले सांधे बघा! शोधून सापडत नाहीत!"

एवढ्यात नावाडी तुटका दोर नाचवत आला. "अहो, हा तुमचा दोर! आता धक्क्यावर कुणी तुमचा दोर घेतोय का बघतोच मी!"

मामांनी दोर निरखला. "मी डावखुरा. माझा पीळ डावीकडे जातो. हा उजवीकडचा आहे."

"मग या पोरीचा!" नावाड्याने मावसबहिणीकडे बोट दाखवलं. "शिकाऊ दोर माझ्या गळ्यात मारलात!"

"माझा दोर खुंटीवर आहे!" मावसबहीण म्हणाली. पण खुंटी रिकामी होती. तिला रडूच फुटलं.

मिरचीला आधी गुदगुल्या झाल्या. बरी जिरली! पण मामा खाली मान घालून उभे होते. इतक्या वर्षांचं त्यांचं नाव बुडत होतं. तिने दात-ओठ खात पोत्यांमागून उलगडलेल्या धाग्यांचा ढीग ओढून काढला.

"तिचा दोर हा! काल मीच उलगडला. खोट शोधत होते."

"अगं, पण..." मामा चक्रावले.

"तिचा प्रत्येक सांधा वेगळ्या जागी होता. या तुटक्या दोराचे तिन्ही पदर एकाच जागी सांधलेत, तिथेच तुटलाय. बघा ना!"

"आणि नावेत असलंच आणखी एक वेटोळं आहे!" गोट्या म्हणाला. "बाजाराची चिठ्ठी लावलेलं!"

नावाड्याचा चेहरा खर्रकन उतरला. "घाईत बाजारातून घेतला होता... तुमच्याकडे यायला वेळ कुठे होता?"

"मग चला, धक्क्यावर हेच सांगा!" मामा म्हणाले. मग त्यांनी मिरचीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, मिरचे! उलगडलास ते चुकलंच, पण कबूल करायला छाती लागते."

मावसबहिणीने डोळे पुसले. "अख्खा उलगडलास? आणि एकही खोट नाही सापडली?"

"नाही," मिरची पुटपुटली.

"ऐकू नाही आलं!"

"नाही सापडली! एकही नाही!"

"आता बस इथे," मावसबहीण धाग्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवत म्हणाली, "आणि तस्साच वळून दे!"