मूळ प्रत नष्ट केल्याचा पंचनामा

कुमुदिनी भोकरे यांनी पाटीविरुद्धची तक्रार स्वखुशीने मागे घेतली. तसं पत्र कंपनीकडे आहे, खाली त्यांची सहीसुद्धा आहे. पण असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण कुमुदिनीताईंचंही म्हणणं तेच आहे.

त्या काळी सांगलीत, आणि सांगलीबाहेरही, प्रत्येकाच्या हातात पाटी होती. जुन्या टॅब्लेटची ही नात. आजीकडे फाइल मॅनेजर नावाचं एक कपाट असे: खणात खण, खणात फाइल, फाइलीवर नाव आणि तारीख. पाटीला कपाट नव्हतं. मागा, मिळेल, कधी कधी मागायच्या आधीच मिळेल. कपाट हवं का, असं कंपनीने लोकांना विचारलंही होतं. सत्त्याण्णव टक्के लोक 'नको' म्हणाले. ती उत्तरं लोकांच्या वतीने पाट्यांनीच भरली होती. पण त्यात सगळ्यांचा वेळ वाचला, हे कोणी नाकारलं नाही.

कुमुदिनीताईंना मात्र कपाटाशिवाय चैन पडत नसे. सरकारी अभिलेखागारात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कागद हातात आला की आधी पानं मोजायची, कोपऱ्यात 'पान १ ते इतकी' लिहायचं, खाली आद्याक्षरं टाकायची, मगच वाचायचं. घरी लग्नपत्रिका आली तरी हेच.

त्यांची मुलगी केतकी दत्तक. बाळासोबत जन्मदात्या आईचं एक पत्र आलं होतं, मुलगी अठराची झाली की द्यायचं. सहा वर्षांपूर्वी कुमुदिनीताईंनी ते पाटीत घेतलं आणि मूळ कागद गॅसवर धरून जाळला. कार्यालयात नियमच होता, पाटीत गेलेल्याची मूळ प्रत ठेवायची नाही. घरच्या कागदांना तो लागू नव्हता, पण नियमाला घरचं-बाहेरचं करणं त्यांना जमत नसे. रीतसर पंचनामा झाला. पंच म्हणून शेजारचे आप्पासाहेब मगदूम होते.

वाढदिवसाला आठवडा उरला तेव्हा त्यांनी पत्र मागवलं. लगेच आलं. कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात 'पान १ ते ४', खाली 'कु. भो.'

जाळलेली पानं तीन होती.

दुसऱ्या दिवशी त्या तक्रार घेऊन कंपनीच्या केंद्रात गेल्या. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. रेहाना मुल्ला वयाने लहान आणि स्वभावाने गोड होत्या. कुमुदिनीताईंना त्या गोडीचाच संशय आला.

"तीन पानांची चार कशी झाली? मला फक्त यादी दाखवा. आत काय काय आहे त्याची."

"ताई, आत काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही घरात चपात्यांची चळत साठवता का? कणीक ठेवता, भूक लागली की लाटता. पाटी तेच करते. कागदाचा गाभा ठेवते आणि मागाल तेव्हा कागद नव्याने घडवते. आम्ही त्याला पुनर्घडण म्हणतो."

"आणि मी कालचीच चपाती मागितली तर?"

"कालच्यासारखी मिळेल."

"सारखी."

"मागणाऱ्याच्या मनाचा कल बघून. म्हणून तर लोकांना आवडते." डॉक्टरांनी पाटी पुढे केली. "मागा पुन्हा. हे घ्या, तीन पानं!"

"आत्ता तीन झाली. मी कुरकुर केली म्हणून."

शेवटची ओळ होती, 'मला शोधू नकोस.' ती वाचून कुमुदिनीताईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून घाम फुटला. अठरा वर्षं त्यांना एकच भीती होती, पोरगी शोधत जाईल. ही ओळ मुळात होती, की त्यांच्या भीतीतून लाटली होती?

त्यांनी आप्पासाहेबांना गाठलं.

"पत्राच्या शेवटी काय होतं, आठवतंय?"

"मी कशाला वाचू?" आप्पासाहेब दुखावले. "अहो, मी पंच होतो."

"पण पंचनाम्यात लिहिलंत ना, 'मजकूर समक्ष पाहिला'?"

"लिहितातच की तसं. तुम्हीच सांगितलंत, मी सही केली, चहा प्यालो."

पंचनाम्याचा कागदही पाटीत होता. त्याची मूळ प्रतही नियमाप्रमाणे जाळली होती. त्याचाही पंचनामा झाला होता.

वाढदिवसाच्या सकाळी केतकीने आपल्या पाटीवर पत्र मागवलं आणि वाचता वाचता रडायला लागली. कुमुदिनीताईंनी तिच्या खांद्यावरून बघितलं. पानं पाच. शेवटची ओळ: 'एकदा ये, मी वाट बघतेय.' खाली पत्ता: घर क्रमांक सात, जांभूळबाग, लातूर.

"केतू, हे पाटीने लिहिलंय. माझ्या पाटीवर 'मला शोधू नकोस' असं आलंय."

"आणि तुझं कोणी लिहिलं?" केतकीने डोळे पुसले. "तुला पाहिजे होतं तेच आलंय की त्यात."

"मी ते वाचलंय गं. कागदावर."

"मग सांग, शपथ घेऊन सांग, पत्ता नव्हता."

कुमुदिनीताईंनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत त्यांनी न मोजलेल्या पानावर सही केली नव्हती.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केतकी लातूरच्या बसमध्ये बसली. खिडकीतून म्हणाली, "रागावू नकोस हं, आई." कुमुदिनीताईंनी मान हलवली, घरी आल्या, जुन्या पॅडमधला एक कागद फाडला आणि हाताने लिहायला बसल्या.

प्रति,
डॉ. रेहाना मुल्ला, पुनर्घडण विभाग.

विषय: जांभूळबाग, लातूर येथील घर क्रमांक सातबाबत.

महोदया,

माझी मुलगी आज दुपारी साडेतीनच्या सुमारास सदर पत्त्यावर पोचत आहे. सदर पत्ता, सदर घर व सदर बाई अस्तित्वात आहेत किंवा कसे, हे आपल्या विभागास सांगता येत नाही, असे आपण काल फोनवर कळविले आहे. सबब विनंती, की तत्पूर्वी सदर ठिकाणी एक घर आणि त्यात पत्रातील मजकुराशी जुळणारी एक बाई उपलब्ध करून देण्यात यावी. तिने दार लवकर उघडावे. मुलीला ताटकळत उभे राहण्याची सवय नाही.